३५९ अक्षरं, बाकी सगळं उधारीवर

ऐकताना नावं आणि आकडे निसटून जातात, म्हणून नेहमीप्रमाणे आजचा एपिसोड इथे लिहूनही ठेवतोय. बोलण्याचा बाज तसाच आहे, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

सुरुवात एका छोट्या हिशोबाने करू. जुना एसएमएस आठवतोय? १६० अक्षरांचा, म्हणजे १४० बाइट्सचा. आता एक रोगकारक घ्या, ज्याची पूर्ण माहिती ३५९ अक्षरांत लिहिलेली आहे. ही अक्षरं चारच प्रकारची असतात: ए, यू, जी आणि सी. चार पर्याय म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन बिट्स. ३५९ गुणिले २, भागिले ८. उत्तर येतं जेमतेम ९० बाइट्स. एका एसएमएसमध्ये हा प्राणी अख्खा मावतो आणि वर "पोचलास का?" लिहायला जागा उरते.

(प्राणी म्हटलं खरं, पण तो प्राणी नाही, जिवाणू नाही, आणि व्हायरसही नाही. त्याला व्हायरॉइड म्हणतात.)

तुलनेसाठी सांगतो, कोविडच्या विषाणूची माहिती साधारण ३०,००० अक्षरांची आहे. तुमची-माझी सुमारे ३०० कोटींची. पण आकारापेक्षा मोठी गंमत पुढे आहे. कोविडच्या त्या ३०,००० अक्षरांमध्ये प्रथिनं बनवायच्या पाककृती असतात. वरचं आवरण कसं बनवायचं, स्वतःच्या कॉप्या काढायचं मशीन कसं बनवायचं, वगैरे. व्हायरॉइडच्या ३५९ अक्षरांत एकही पाककृती नाही. शून्य. तरीही बटाट्याच्या पेशीत शिरला की तो स्वतःच्या हजारो कॉप्या काढून घेतो.

कशा? या प्रश्नाची गोष्ट साधारण १९२२ मध्ये सुरू होते आणि तिचा एक महत्त्वाचा तुकडा २०१२ मध्ये हाती लागतो. नव्वद वर्षं! आजचा एपिसोड त्या नव्वद वर्षांचा.

टकळीसारखे बटाटे

१९२० च्या दशकाची सुरुवात. अमेरिकेत न्यू जर्सी आणि मेन या राज्यांतले बटाटा उत्पादक एका विचित्र गोष्टीने हैराण होते. बटाटे गोल यायच्या ऐवजी लांबट, दोन्ही टोकांना निमुळते येत होते. सूत कातायच्या टकळीसारखे. म्हणून रोगाचं नावच पडलं 'पोटॅटो स्पिंडल ट्यूबर'. झाडं खुरटायची, उत्पन्न घटायचं. आणि हा रोग पसरायचा. बेण्याचा बटाटा कापताना एकच सुरी रोगट बटाट्यातून निरोगी बटाट्यात गेली, की झालं काम.

१९२३ मध्ये शुल्ट्झ आणि फोल्सम या दोन संशोधकांनी हा रोग संसर्गजन्य असल्याचं दाखवलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली ना जिवाणू दिसे, ना बुरशी. त्या काळात असं काही सापडलं, की त्यावर एकच लेबल लागायचं: व्हायरस. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून आरपार जाणारं आणि डोळ्यांना न दिसणारं जे काही असेल, ते व्हायरस. स्पिंडल ट्यूबरवरही हेच लेबल लागलं आणि पुढची चार-पाच दशकं कुणी ते काढलं नाही.

याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. बटाट्यावर प्रयोग करायचा म्हणजे रोप लावा, वाढवा, बटाटे धरायची वाट बघा, मग त्यांचा आकार तपासा. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, टेस्ट रन व्हायला तासभर लागला तर डेव्हलपर टेस्ट चालवणंच सोडून देतो. इथे एकेका टेस्टला अख्खा हंगाम लागत होता. डीबग करणार कोण आणि कधी?

१९६२ मध्ये बेल्ट्सव्हिलच्या रेमर आणि ओब्रायन यांनी ही कोंडी फोडली. बेल्ट्सव्हिल म्हणजे मेरीलँड राज्यातलं अमेरिकी कृषी खात्याचं मोठं संशोधन केंद्र. त्यांना कळलं, की हाच रोग टोमॅटोला लावता येतो, आणि टोमॅटोची पानं काही आठवड्यांतच वाकडीतिकडी होऊन तो दाखवतात. टेस्ट फास्ट झाली आणि इथून गोष्टीला वेग आला.

तळाला न बसणारा व्हायरस

त्याच केंद्रात थिओडोर डीनर नावाचे शास्त्रज्ञ होते. जन्म १९२१, झुरिचचा. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये, नंतर अमेरिकेत स्थायिक. रेमर आणि डीनर मिळून या 'व्हायरस'ला शुद्ध स्वरूपात पकडायला निघाले.

पद्धत ठरलेली होती. रोगट पानांचा रस काढा आणि तो सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवा. व्हायरसचा कण म्हणजे आत आरएनए किंवा डीएनए आणि बाहेर प्रथिनाचं आवरण. असा कण जड असतो, त्यामुळे तो तळाला बसायला हवा. मग तळाचा गाळ काढून घ्यायचा.

इथे तळाच्या गाळात फारसं काही सापडेना. रोग लावायची ताकद वरच्या पातळ द्रवातच राहिली. म्हणजे हे जे काही होतं, ते व्हायरसच्या मानाने फारच हलकं होतं.

मग त्यांनी एकेक शक्यता बाद करायला घेतली. फिनॉल हे रसायन प्रथिनांचा बोजवारा उडवतं. ते घातलं, तरी रोग लागतच राहिला. डीएनए तोडणारं एन्झाइम घातलं, काही फरक नाही. आरएनए तोडणारं एन्झाइम घातलं, आणि रोग लावायची ताकद गेली! १९६७ मध्ये रेमर आणि डीनर यांनी 'सायन्स'मध्ये छापलं, की या रोगकारकाचे गुणधर्म आवरण नसलेल्या, उघड्या न्यूक्लिक ॲसिडसारखे आहेत.

उघडा आरएनए इथपर्यंत लोकांनी मान डोलावली असती. खरा वाद झाला आकारावरून. डीनरनी पुढची काही वर्षं या आरएनएचं माप काढण्यात घालवली. साखरेच्या द्रावणाच्या थरांतून तो किती वेगाने खाली जातो, जेलमधून किती सरकतो, अशा वेगवेगळ्या पद्धती. प्रत्येक पद्धत एकच सांगत होती, की हा रेणू फारच छोटा आहे.

आता त्या काळच्या एखाद्या विषाणूतज्ज्ञाच्या जागी बसून बघा. त्याचा हिशोब असा: आरएनएवरून आरएनएची कॉपी काढणारं मशीन व्हायरस स्वतः घेऊन येतो. त्या मशीनची पाककृती लिहायलाच हजारभर अक्षरं लागतात. तेवढी जागाच नसेल, तर हा रेणू स्वतःच्या कॉप्या काढूच शकत नाही. म्हणजे डीनरचं मोजमाप चुकलंय, नाहीतर मोठ्या व्हायरसचे अनेक तुकडे एकत्र काम करतायत, नाहीतर पेशीत एखादा मदतनीस व्हायरस लपलाय.

शंका अगदी रास्त होत्या. डीनरनी त्या एकेक करून तपासल्या. निरोगी झाडांत कुठला मदतनीस व्हायरस सापडतो का? नाही सापडला. अनेक तुकडे लागत असतील, तर रस पातळ करत गेल्यावर संसर्ग झपाट्याने कोसळायला हवा, कारण सगळे तुकडे एकाच पेशीत पोचणं अवघड होईल. तसंही झालं नाही. १९७१ मध्ये त्यांनी 'व्हायरॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष छापला आणि या गटाला नवं नाव दिलं: व्हायरॉइड. त्या लेखाच्या मथळ्यात रोगाच्या जुन्या नावातला 'व्हायरस' हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत टाकलाय. सभ्य शास्त्रीय भाषेत "तथाकथित" म्हणायची ही पद्धत मला फार आवडली.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, कॅलिफोर्नियात सेमँकिक आणि वेदर्स यांना संत्रा-लिंबूवर्गीय झाडांच्या 'एक्झोकॉर्टिस' रोगामागेही असाच छोटा आरएनए सापडला. वेगळी प्रयोगशाळा, वेगळं झाड, उत्तर तेच.

१९७४ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. व्हायरॉइडचा आरएनए टेस्टट्यूबमधल्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेसमोर ठेवला. समोर येईल त्या आरएनए पाककृतीवरून प्रथिन बनवणं, एवढंच तिचं काम. व्हायरॉइडवरून तिने काहीच बनवलं नाही.

ना सुरुवात, ना शेवट

आता गोष्ट जर्मनीत जाते. गीसेन शहरात हाइन्झ झेंगर आणि त्यांचे सहकारी व्हायरॉइड नेमका दिसतो कसा, याच्या मागे लागले होते. १९७६ मध्ये त्यांनी दाखवलं, की हा आरएनए बंद वर्तुळ आहे. त्याला टोकंच नाहीत. आणि ते वर्तुळ मोकळं पसरत नाही. एका बाजूची अक्षरं समोरच्या बाजूच्या अक्षरांशी जोड्या जमवतात आणि अख्खं वर्तुळ मिटून काठीसारखं होतं. रबरबँड दोन बोटांत ताणला, की त्याच्या दोन्ही बाजू जवळ येतात ना, तसं. मधूनमधून जिथे जोड्या जमत नाहीत, तिथे छोटे फुगवटे राहतात.

१९७८ मध्ये याच गटाने बटाट्याच्या व्हायरॉइडची सगळी अक्षरं वाचून काढली. ३५९.

हा काठीचा आकार लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याच भोवती फिरते.

झेरॉक्स मशीन कुणाचं?

स्वतःचं मशीन नाही, म्हणजे झाडाचं वापरत असणार. पण कुठलं?

वनस्पतीच्या पेशीत, केंद्रकात, आरएनए पॉलिमरेज टू नावाचं मशीन असतं. त्याचं रोजचं काम डीएनए वाचून त्यावरून आरएनएच्या प्रती काढणं. झाडाच्या प्रथिनांच्या पाककृती याच मशीनमधून बाहेर पडतात. डीएनए आत, आरएनए बाहेर. आरएनए वाचून आरएनए काढणं हे त्याच्या कामाच्या यादीतच नाही.

१९७९ मध्ये म्यूलबाख आणि झेंगर यांनी हे तपासायला एक विष वापरलं. 'डेथ कॅप' नावाची विषारी अळंबी असते. माणसाने चुकून खाल्ली, तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. तिच्यातलं अल्फा-अमॅनिटिन हे विष नेमकं याच पॉलिमरेज टूला जाम करतं, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत. पेशींना ही थोडी मात्रा दिली आणि व्हायरॉइडच्या कॉप्या निघणं थांबलं.

म्हणजे डीएनए वाचणारं मशीन व्हायरॉइडचा आरएनए वाचत होतं. फसून. पुढे असंही दिसलं, की हे मशीन व्हायरॉइडच्या काठीच्या एका टोकाला येऊन चिकटतं. त्या टोकाची घडीच त्याला पुरेशी ओळखीची वाटते.

पायथॉन येणाऱ्यांना 'डक टायपिंग' माहीत असेल. बदकासारखं चालतंय, बदकासारखं ओरडतंय, मग बदकच समजा, आयडी कार्ड कोण बघतो? पेशीतली मशीन्सही बऱ्याच अंशी अशीच आहेत. समोर काय आलंय, हे ती आकारावरून ओळखतात. व्हायरॉइडकडे सूचना नाहीत. त्याच्याकडे योग्य आकार आहे.

रांगोळीचा रोलर

पण वर्तुळाची कॉपी कशी काढणार? सुरुवात कुठे आणि शेवट कुठे?

दिवाळीत बाजारात भोकं पाडलेला रांगोळीचा रोलर मिळतो. आत रांगोळी भरायची आणि जमिनीवर फिरवत न्यायचा. रोलरवर नक्षी एकच असते, पण तो फिरत राहिला की जमिनीवर तीच नक्षी पुन्हा पुन्हा, सलग उमटत जाते. तुम्ही थांबेपर्यंत पट्टा संपत नाही.

व्हायरॉइडचं अगदी असंच चालतं. १९८१ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या अँड्रिया ब्रँच, ह्यू रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांना रोगट झाडांत व्हायरॉइडच्या उलट प्रतीचे लांबच लांब धागे सापडले. एका व्हायरॉइडपेक्षा कितीतरी लांब. १९८४ मध्ये ब्रँच आणि रॉबर्टसन यांनी अख्खं चक्र मांडलं. मशीन वर्तुळावर गोल गोल फिरतं, आणि बाहेर एकामागोमाग एक चिकटलेल्या उलट प्रतींची माळ पडते. उलट प्रत म्हणजे साचा किंवा निगेटिव्ह समजा. मग त्या निगेटिव्हच्या माळेवरून सुलट प्रतींची माळ निघते. ती माळ एकेका व्हायरॉइडच्या मापाने कापली जाते. प्रत्येक तुकड्याची दोन टोकं जोडली, की नवं वर्तुळ तयार. याला 'रोलिंग सर्कल' म्हणतात.

म्हणजे कामं तीन: छापणं, कापणं, जोडणं. छापणारा कळला. कापतं कोण आणि जोडतं कोण?

स्वतःला कापणारा आरएनए

कापणाऱ्याचा पहिला माग लागला ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमध्ये. रॉबर्ट सिमन्स यांचा गट ॲव्होकॅडोच्या 'सनब्लॉच' रोगावर काम करत होता. या रोगाचा व्हायरॉइड तर फक्त २४७ अक्षरांच्या आसपास. त्यांनी टेस्टट्यूबमध्ये त्याच्या जोड-प्रती बनवल्या. एकही एन्झाइम, एकही प्रथिन नसताना तो आरएनए आपोआप नेमक्या जागी तुटला!

१९८६ मध्ये हे छापून आलं. आरएनएचा छोटा भाग स्वतःवर अशी घडी घालतो, की त्या घडीतच आरएनए तुटण्याची रासायनिक क्रिया घडून येते. कागदावर आकृती काढली तर हातोड्याच्या डोक्यासारखी दिसते, म्हणून 'हॅमरहेड' रायबोझाइम. आरएनए स्वतः एन्झाइमचं काम करू शकतो हे थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये वेगळ्या जीवात दाखवलं होतं. त्यासाठी त्यांना आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. ॲडलेडच्या शोधाने दाखवलं, की एक रोगकारक याच कसबावर जगतो.

इथून व्हायरॉइडची दोन घराणी स्पष्ट होत गेली.

ॲव्होकॅडोवालं घराणं राहतं हरितलवकात, म्हणजे पानांना हिरवा रंग देणाऱ्या आणि सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या भागात. तिथे छापायची मशीन्स दोन. एक हरितलवकाचं स्वतःचं, दुसरं केंद्रकातून बनून आलेलं. यातलं कुठलं? २००० मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या नवारो, व्हेरा आणि फ्लोरेस यांनी पुन्हा विषाचीच युक्ती केली. यावेळी विष होतं झेंडूवर रोग पाडणाऱ्या एका जिवाणूचं, टॅजेटिटॉक्सिन. (झेंडूचं शास्त्रीय नाव टॅजेटिस, त्यावरून.) ते हरितलवकाचं स्वतःचं मशीन बंद पाडतं. विष दिलं, तरी व्हायरॉइड छापलाच जात राहिला. म्हणजे तो वापरतो दुसरं मशीन, केंद्रकातून आलेलं.

बटाटावालं घराणं राहतं केंद्रकात. त्याच्याकडे हॅमरहेड नाही. मग कापतं कोण? रिकार्दो फ्लोरेस यांच्या व्हॅलेन्सियाच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं, की झाडाची स्वतःचीच आरएनए कापणारी कात्री, आरएनएज थ्री गटातली, हे काम करते. माळेची घडी अशी पडते, की कात्री बरोबर हव्या त्या जागीच चालते.

आणि शेवटचं काम, टोकं जोडणं? २०१२ मध्ये याच गटाला उत्तर मिळालं आणि ते वाचून मी खरोखर हसलो. जोडणारं एन्झाइम निघालं डीएनए लायगेज वन. नावातच डीएनए! पेशीत तुटलेला डीएनए सांधणं हे त्याचं काम. बटाट्याचा व्हायरॉइड त्याच्याकडून आरएनए सांधून घेतो. डीएनए वाचणारं मशीन फसवून आरएनए वाचायला लावलं, डीएनए जोडणारं मशीन फसवून आरएनए जोडायला लावलं. तेही एका ओळीचाही कोड स्वतः न लिहिता.

मारायचं कशाला?

इथपर्यंत ही गोष्ट हुशार चोराची वाटते. आता नुकसानाकडे वळू.

फिलिपिन्समध्ये नारळाला 'कडांग-कडांग' नावाचा रोग होतो. बिकोल भाषेत 'गदान' म्हणजे मेलेला, त्यावरून हे नाव आलं. झाड लगेच मरत नाही. आधी फळं लहान आणि गोलसर होतात, मग फळ धरणंच थांबतं, पानांवर पिवळे ठिपके येतात, शेंडा आखडत जातो. मरायला दहा-पंधरा वर्षंही लागतात. १९७५ मध्ये जॉन रँडल्स यांना रोगट माडांत व्हायरॉइडसारखा आरएनए सापडला. सगळ्यात छोटं रूप २४६ अक्षरांचं. या रोगाने फिलिपिन्समध्ये आजवर तीन कोटींहून जास्त माड मारल्याचा अंदाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या नारळावर जगणाऱ्या घरांचे तीन कोटी माड, आणि मारेकरी ६२ बाइट्सचा.

मग औषध का नाही?

एचआयव्हीवर गोळ्या आहेत, कारण एचआयव्हीचं स्वतःचं एन्झाइम आहे आणि ते बंद पाडता येतं. कोविडवरची पॅक्सलोव्हिड विषाणूच्या स्वतःच्या कात्रीला अडवते. औषधाला शत्रूचं स्वतःचं काहीतरी लागतं, ज्याच्यावर मारा केला तर रोगी वाचेल. व्हायरॉइडकडे स्वतःचं मशीनच नाही. छापणारं झाडाचं, जोडणारं झाडाचं, बटाट्याच्या बाबतीत कापणारंही झाडाचं. अळंबीच्या विषाने व्हायरॉइड थांबतो हे खरं, पण ज्या मशीनवर झाड जगतं तेच बंद पडलं, तर झाड कसं जगणार? नव्वद वर्षांच्या संशोधनातून निघालेला सगळ्यात कठीण निष्कर्ष हाच. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडून काढून काय घेणार?

झाड लढत नाही असं नाही. त्याची संरक्षण यंत्रणा व्हायरॉइडचे २१ ते २४ अक्षरांचे बारीक तुकडे करते आणि तसा मजकूर दिसेल तिथे हल्ला करते. पण कधीकधी तो तुकडा योगायोगाने झाडाच्याच एखाद्या जनुकाशी जुळतो. मग झाड स्वतःचाच जनुक बंद पाडतं. पीचच्या पानांवरचा पांढरा डाग असाच पडतो, हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. वर व्हायरॉइड बदलतोही फार वेगाने. २००९ मध्ये शेवंतीच्या एका व्हायरॉइडमध्ये दर ४०० अक्षरांमागे सुमारे एक चूक मोजली गेली. त्याआधी कुठल्याही जैविक गोष्टीत मोजलेल्या वेगापेक्षा हा वेग जास्त होता.

मग करायचं काय? उपाय साधे आहेत आणि कंटाळवाणे. कॉपी होण्याच्या चक्रात हात घालता येत नसेल, तर पहिला रेणू आत शिरूच द्यायचा नाही. बेण्याची चाचणी करायची. रोगट झाड उपटायचं. कलम करताना, डोळा भरताना, छाटणी करताना चाकू-कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याआधी ब्लीचच्या म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची. नुसतं ज्योतीवर धरणं किंवा स्पिरिटने पुसणं याचा तितका भरवसा नाही, कारण उघडा असला तरी तो घडी घातलेला आरएनए चिवट आहे. अमेरिका आणि कॅनडाने बेण्याच्या बटाट्यातून स्पिंडल ट्यूबर अशाच चाचण्या आणि स्वच्छतेच्या जोरावर हद्दपार केला. त्यासाठी कुठली गोळी लागली नाही.

लिंबूवर्गीय झाडांत आणखी एक युक्ती चालते. कोवळ्या शेंड्याच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरहूनही छोटा भाग बहुतेक वेळा रोगमुक्त असतो. तो काढून प्रयोगशाळेत खुंटावर कलम करतात. आपल्या नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था संत्रा-मोसंबीची रोगमुक्त रोपं तयार करायला हे शेंडा-कलमाचं तंत्र वापरते.

माणसांपर्यंत

"माणसाला व्हायरॉइड होतो का?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. वनस्पतींचे व्हायरॉइड माणसाला रोग लावत असल्याचा पुरावा नाही. बटाटे बिनधास्त खा.

पण एक दूरचा भाऊबंद आहे. १९७७ मध्ये इटलीच्या मारिओ रिझेट्टो यांना हिपॅटायटिस बी च्या रुग्णांत एक नवी गोष्ट सापडली. आज तिला हिपॅटायटिस डी म्हणतात. त्याचा आरएनएही वर्तुळ, तोही काठीसारखा मिटलेला, साधारण १,७०० अक्षरांचा. तोही आपलंच पॉलिमरेज टू फसवून वापरतो, रोलिंग सर्कलनेच छापतो आणि स्वतःला कापतो. फरक एवढाच, की त्यात एका प्रथिनाची पाककृती आहे आणि बाहेर पडायला त्याला हिपॅटायटिस बी चं आवरण उसनं घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी जवळजवळ ५ टक्के लोकांना हा संसर्ग असतो. दिलासा असा, की आवरण हिपॅटायटिस बी चं असल्यामुळे त्याची लस घेतली की डी पासूनही बचाव होतो. पेशीतलं चक्र अडवणं अवघड, दार बंद करणं सोपं. बटाट्याचाच धडा.

आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी माणसाच्या तोंडातल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या डेटामधून साधारण १,००० अक्षरांचे, काठीच्या आकाराचे गोल आरएनए शोधून काढले. नाव दिलं 'ओबेलिस्क'. हे शोधले गेले चक्क सर्व्हरवर पडलेल्या जुन्या डेटामध्ये कोड चालवून. माझ्या धंद्यातल्या लोकांनो, काम आहे!

डीनरनी १९८९ मध्ये आणखी एक धाडसी विचार मांडला होता. पृथ्वीवर पेशी, डीएनए आणि प्रथिनं येण्याआधी नुसत्या आरएनएचं जग होतं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. व्हायरॉइड हे त्या जगाचे उरलेले अवशेष तर नसतील? हा वाद अजून मिटलेला नाही. डीनर स्वतः मार्च २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. "एवढा छोटा रेणू कॉपी होऊच शकत नाही" असं ज्यांनी ऐकून घेतलं होतं, त्यांना तो छापतो कोण, कापतो कोण आणि जोडतो कोण, तिन्ही उत्तरं बघायला मिळाली.

तर मंडळी, एपिसोड इथे संपतो. तुमच्या घरी, गावी कुणी नर्सरी चालवत असेल, संत्र्या-मोसंबीची कलमं बांधत असेल, तर त्यांना एवढं एक वाक्य नक्की पाठवा: प्रत्येक झाडानंतर चाकू ब्लीचच्या पाण्यात. एका एसएमएसमध्ये मावतं. काही शंका असतील तर खाली लिहा, पुढच्या भागात उत्तरं देतो. भेटूच.